कुरळी लोकर

“आम्हाला मूल नको, आई. दोघांनी मिळून ठरवलंय,” नवऱ्याने एका दमात सांगून टाकलं. सून त्याच्या शेजारीच बसली होती. सासूबाईंच्या मांडीवर वीतभर पिवळा स्वेटर होता. गळ्याची शेवटची ओळ तेवढी राहिली होती. रागावल्या की त्या बोलत नसत, विणत बसत. आज मात्र त्यांनी सुया काढल्या आणि धागा ओढला. टाके सरसर उसवत गेले. आधी गळा, मग इवलीशी पाठ. आठ वर्षांत सुनेला हे घर पहिल्यांदाच परकं वाटलं. “बघत काय बसलीस? हात पुढे कर.” तिच्या दोन्ही मनगटांभोवती सासूबाई लोकर गुंडाळू लागल्या. “तुझे पाय बाराही महिने गार. मोजे होतील.” उसवलेली लोकर कुरळी झाली होती. “ही अशीच राहणार?” सुनेने विचारलं. “धुतली की सरळ होते,” सासूबाई म्हणाल्या. “मला जरा वेळ लागेल.”