वाईट नाही

“‘डेलेनी प्रुइट वर्षभर माझ्याजवळ होती. काम वाईट नाही.’ बस्स? एवढंच?” विभागप्रमुख डॉ. ब्रँटनी शिफारसपत्राचा कागद उलटून मागे काही आहे का पाहिलं. मागे कोरं होतं. टेबलाभोवतीचे सर्जन हसले. त्यांच्यातली मॅरन टॉलेफसन हसली नाही.

शस्त्रक्रियेच्या प्रशिक्षणासाठी आलेल्या अर्जांची क्रमवारी लावायची बैठक होती. वरच्या चौघांनाच जागा मिळायची. तीन नावं ठरली होती, चौथ्यासाठी दोघं उरले होते. खिडकीबाहेर सरोवर गोठलं होतं. टेबलाच्या टोकाला कुणीतरी घरून आणलेली हॉटडिश, बटाटे-मांसाचा भाजलेला पदार्थ, गार होत होती. तिचा शेवटचा घास उरला होता, आणि मिनेसोटात शेवटचा घास घ्यायला कुणी पुढे होत नाही.

शिफारसपत्रांची भाषा त्या खोलीत सगळ्यांना तोंडपाठ होती. ‘अजोड’ म्हणजे बरा. ‘उत्तम’ म्हणजे चालेल. ‘मेहनती’ म्हणजे हात जड. आणि कुणी ‘चांगला’ लिहिलं की त्या पोराचं कल्याण झालंच म्हणून समजा. अशा बाजारात ‘वाईट नाही’ला कोण विचारतो?

डेलेनीला गेल्या वर्षी कुठेच जागा मिळाली नव्हती. मग ती उत्तरेला, लोखंडाच्या खाणींच्या गावात, म्हाताऱ्या डॉ. कांगासच्या हाताखाली राबली. त्याच्या एका पत्राच्या आशेवर. यंदा हुकलं की सर्जन होणं विसरायचं. पत्रात काय आहे हे तिला ठाऊक नव्हतं. उमेदवाराने ते बघायचं नसतं, तशी सही आधीच देऊन टाकायची असते. आणि कांगास ऑक्टोबरात वारला होता. फोन करून विचारायचीही सोय उरली नव्हती.

“डॉक्टर, ते फिनिश होते, फिनलंडच्या मोजून बोलणाऱ्या लोकांतले,” मॅरन म्हणाली. “त्यांच्या तोंडी याहून मोठी शाबासकीच नव्हती. मी शिकत होते त्यांच्याकडे. हे शब्द मी दोनदाच ऐकले. एकदा बायकोच्या वेलचीच्या पावाबद्दल, आणि एकदा पहिली नात हातात घेतली तेव्हा.”

“नातीला ‘वाईट नाही’!” एक तरुण सर्जन म्हणाला. “मग जावयाला काय म्हणायचे?” पुन्हा हशा पिकला.

डॉ. ब्रँटनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. माणूस मनाचा वाईट नव्हता. “हे बघ मॅरन, म्हाताऱ्याला लिहिता येत नव्हतं असं तरी तू म्हणू नकोस. तुझ्यासाठीचं त्याचं पत्र मीच वाचलं होतं, याच खोलीत. चांगली दोन पानं! ‘तेजस्वी मुलगी. दैवी हात. अशी विद्यार्थिनी मला आजवर लाभली नाही.’ माझं अजून पाठ आहे. मनात आलं की लिहायचा तो. हिच्यासाठी नाही आलं मनात. आपण काय करणार?”

मॅरन आपलं पत्र आज पहिल्यांदा ऐकत होती. खरं तर तिने हरखून जायचं. पण तिने टेबलावरच्या आपल्या हातांकडे पाहिलं.

तिला कांगासची शस्त्रक्रियेची खोली आठवली. हात चांगला चालत असला की म्हातारा तोंड मिटून उभा राहायचा. टाका चुकला, बोटं थरथरली, की बोलायला लागायचा. “वा! सुंदर! जा, कॉफी घे जरा,” म्हणायचा आणि हळूच हातातली सुई काढून घ्यायचा. पडलेल्या पोराला उगी करावं तसा. मॅरन त्या वर्षी खूप कॉफी प्यायली होती. तिला वाटायचं, आपण त्याच्या लाडक्या.

आता या इस्पितळात तिच्या वाट्याला पित्ताशयाची सोपी ऑपरेशनं आणि बैठका येत. अवघड पोटं दुसऱ्यांकडे जात. तिने त्याचा कधी फार विचार केला नव्हता. आज एका क्षणात सगळं जुळलं, आणि तिला रडू यायला लागलं. एक मन म्हणालं, गप्प बस. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण समोर तो दोन ओळींचा कागद पडला होता.

“डॉक्टर,” ती म्हणाली. “कांगास तारीफ करायचे ती कच्च्या पोरांची. माझे हात साधे होते. अजूनही साधेच आहेत. अवघड केस तुम्ही मला देता का कधी? माझं ते पत्र दयेपोटी लिहिलं होतं. खरं पत्र हे आहे. हे, इथे समोर पडलेलं.”

तरुण सर्जनने मान खाली घातली. डॉ. ब्रँटचा चेहरा एकदम मऊ झाला. मॅरनला वाटलं, पटलं यांना. त्यांनी पेन्सिल उचलली, चौथ्या ओळीत दुसऱ्याच मुलाचं नाव लिहिलं आणि डेलेनीचा कागद तिच्यासमोरून अलगद काढून घेतला.

“‘कमालीची विनम्र,’” ते म्हणाले. “हेही लिहिलं होतं म्हाताऱ्याने. सुंदर बोललीस, मॅरन. जा, कॉफी घे जरा.”