तारेच्या दुसऱ्या टोकाला

कॉम्प्युटर माझ्या हॅम रेडिओला जोडून मी सांगलीच्या अंबादासभाऊंशी टाइप करून बोलत होते, तेवढ्यात रेडिओच्या मीटरचा काटा वर गेला. म्हणजे गच्चीवर अँटेनाची तार कुणीतरी धरली होती. पाच वॉटनं मुंगीही मरत नाही, पण नोएडातल्या नव्या गच्चीला अजून कठडाच नव्हता. सासऱ्यांचा पलंग रिकामा होता. दिल्लीतलं सरोजिनी नगरचं क्वार्टर सोडलं, तरी ते मनानं तिथेच, सासूबाईंबरोबर वावरत. “अहो, नाना वर गेलेत!” “टाइप करत राहा, म्हणजे मीटर चालेल. काटा खाली आला, म्हणजे तार सुटली; लगेच ओरड,” म्हणत हे अनवाणी धावले. सुचेल ते टाइप केलं: नाना, तार सोडू नका. त्यांच्याच मुठीतून शब्द सांगलीला निघाले. काटा खाली आला. मी ओरडत जिन्याकडे धावले. वरून चाहूलही येईना. जिन्यातून नानांचा आवाज आला, “दोरीवर एकसुद्धा कपडा नाही. हिनं सकाळपासून धुतलं काय?”