ग्लेंडाचा चेहरा

आभाळ निरभ्र होतं, तरी फिलोमिनाने लेकीच्या, ग्लेंडाच्या डोक्यावर छत्री उघडली. दोघी शाळेच्या वाटेला लागल्या.

खुराड्यातली पिल्लं कावळे पळवू लागले, म्हणून फिलोमिनाने परसात यंत्र बसवलं होतं. ते कावळ्यांच्याच बोलीत ओरडायचं, ‘पळा, जिवाला धोका आहे!’ पहिल्यांदा ओरडलं तेव्हा कोंबड्यांना दाणे टाकत ग्लेंडा तिथे उभी होती. कावळ्यांनी धोका म्हणून तिचाच चेहरा लक्षात ठेवला. मग ती दिसेल तिथे ते तिच्या डोक्यावर झडप घालू लागले.

फिलोमिनाने यंत्र बंद केलं, तरी काही फरक पडला नाही.

“‘भिऊ नका’ असं सांगता नाही का येत त्यांना?” तिने यंत्रवाल्याला विचारलं.

“तो आवाज अजून आम्हाला सापडलेला नाही, बाई.”

आज कुंपणावर एकच कावळा होता, नुकतंच उडायला लागलेलं पिल्लू.

“आई, हे तर यंत्र बंद झाल्यावर जन्मलंय. हे मला कुठून ओळखणार?” ग्लेंडा हसत छत्रीबाहेर आली.

पिल्लाने मान तिरकी करून तिच्याकडे नीट पाहिलं आणि ते जिवाच्या आकांताने ओरडू लागलं.

फिलोमिनाने लेकीला कुशीत ओढलं. त्या पिल्लालाही आई होती, आणि तिने त्याला ग्लेंडाचा चेहरा शिकवला होता.