निळी शेड

घरातली ऊब कुठून निसटते, ते थर्मल कॅमेऱ्याने दाखवून द्यायचं हे उल्काचं काम. डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड लहरी तिच्या स्क्रीनवर रंग होऊन उमटायच्या. गार ते निळं, गरम ते केशरी.

जानेवारीतल्या एका सकाळी ती लंडनमधल्या हाउन्सलोला शशीकाका पेंढारकरांच्या घरी ऊर्जा-बचतीच्या रिपोर्टसाठी सर्व्हेला गेली. बाहेर दव गोठलेलं होतं आणि घरात काका नुसत्या बनियनवर हिंडत होते. "आमच्याकडे कुठे थंडी सापडायची नाही गं तुला," असं म्हणत त्यांनी तिच्या हातात चहाचा मग दिला आणि हौसेने मागच्या गार्डनमध्ये नेलं.

घराच्या भिंती खरंच चांगल्या होत्या. मग कॅमेरा टोकाच्या लाकडी शेडकडे वळला. शेड पार निळी दिसत होती. पण अर्धवट उघड्या दारातून आत, जमिनीलगत, एक केशरी डाग हलताना दिसला.

"काका, एवढ्या थंडीत कुत्र्याला बाहेर का ठेवलंय?"

"कुत्रा आत आहे, रेडिएटरपाशी," काका सहज म्हणाले. "ती आई आहे. तिच्या खोकल्याने आम्हाला झोप लागत नाही गं."

तोंडातला चहा उल्काने तिथेच गवतावर थुंकला आणि वृद्धांच्या छळाची तक्रार द्यायला कौन्सिलला, म्हणजे तिथल्या नगरपालिकेला, फोन लावला.

आता मात्र काका घाबरले. जवळ येऊन त्यांनी हळूच विचारलं,

"शेड रिपोर्टमध्ये धरत नाहीत ना?"