रंग पिणारी भिंत

“खंदकच खणू दे त्याला. त्या बोटीवर नको धाडूस,” सुकी मावशीनं बजावलं होतं.

फिबीनं उडवून लावलं. “मावशी, खंदकावर तोफगोळे पडतात. बोटीला लोखंडाच्या भिंती आहेत.” आणि त्या दोघा गुलामांच्या गोऱ्या मालकिणीचे पाय धरून तिनं आपल्या नवऱ्याला, केटोला, बोटीच्या भट्टीवर कोळसा ओढायला लावून घेतलं.

आता बाळाला पाठीशी बांधून ती त्याच बोटीला रंग देत होती. काल-परवापर्यंत याझू नदीवरून कापसाच्या गाठी वाहणारी ही आगबोट. वरचे मजले उतरवून, रेल्वेचे रूळ ठोकून तिची युद्धनौका केली होती. तोफांपाशी काळा रंग लोखंडावरून ओघळायचा, सारखा पुसून घ्यावा लागायचा. ती भट्टीपाशी सरकली. इथं ओघळच येईना. कुंचला टेकवला की भिंत रंग पिऊन टाकत होती.

तिनं बोटानं टकटक केलं. लाकूड.

मुकादम मागेच उभा होता. “लोखंड संपलं गं. लांबून त्या उत्तरेच्या यांकी शिपायांना काय कळतंय? तुला तरी कळलं होतं का?” तो हसला. “मार आणखी एक हात. आणि कुणापाशी बोललीस, तर मालकिणीला सांगून पाठीवरचं पोर विकायला लावीन.”

तिनं आणखी एक हात मारला. मग आणखी एक. लाकूड लोखंडासारखं चमकेपर्यंत.

धक्क्यावर बँड वाजायला लागला. केटो वारा खायला बाहेर आला, भिंतीवर थाप मारून म्हणाला, “फिबे, काय जाड आहे बघ! सांग पोराला, बाप किल्ल्यात राहतो म्हणून.” ओल्या रंगानं हात माखला, तेव्हा हसत त्यानं बाळाच्या गालावर तीट लावावी तसं बोट टेकवलं.

“हो,” ती म्हणाली. “जाड आहे.”

बोट गेली. ती तीट तिनं अजून पुसलेली नाही. धक्क्यावर जो भेटेल त्याला अडवते.

“नदीनं खाली निघालात का? मग तेवढं माझं काम करा. काळी बोट दिसेल. तोफांच्या मागं, भट्टीपाशी, केटो म्हणून हाक मारा. ओ देतो का बघा. भिंतीवर मात्र टकटक करू नका. त्याला आत ऐकू जाईल.”