देवीचा चुडा

संगमरवरी देवीचा तुटलेला हात पुन्हा मनगटापर्यंत वाढून आला होता. दगडाच्या भेगा भरून काढणारे जंतू संग्रहालयाने तिच्या खांद्यावर सोडले, त्याला बरीच वर्षं झाली. आता वर उचललेल्या मनगटावर पंज्याचा कोंब फुटला होता, तान्ह्या बाळाच्या मुठीएवढा.

देवीच्या गावाहून आलेल्या अनसाबाईंनी पिशवीतून हिरव्या बांगड्या काढल्या. "मॅडम, आजच भरू द्या. पंजा रुंद झाला की काच चढायची न्हाई. दगडाचा हात काय दाबून मऊ करता येतोय व्हय?"

"मावशी, मूर्तीला कुणाला हात लावू देत नाही," देखभाल करणारी शाल्मली म्हणाली. "धक्का लागून वाढ थांबली तर? हात कायमचा अर्धा राहील."

"आन् न्हाई थांबली तर? पोरीचं मनगट जन्मभर ओकं."

शाल्मली त्या कोंबाकडे बघतच राहिली. मग तिने काचेचं दार उघडलं. "हळू हं. कोंबाला लागू देऊ नका."

"आगं, बारशाला नातींना बांगड्या मीच भरते."

एकेक बांगडी अलगद खाली उतरली. शेवटची उतरली तेव्हा दगडावर काच किणकिणली.

वाढ थांबली नाही. वर्षभरात पाचही बोटं उमलली. लोक थबकून विचारू लागले, एवढ्या रुंद पंज्यावरून ही अखंड काच चढली तरी कशी?

"ती लहान होती ना," शाल्मली सांगायची, "तेव्हा भरलीय."