तिरकी पाती

कोलोनजवळच्या खेड्यातली ती पिठाची जुनी पवनचक्की हरीशने तीन वर्षं सुट्टीच्या दिवशी खपून दुरुस्त केली होती. आज ती पुन्हा फिरायची होती. खाली अख्खं गाव जमलेलं, बँड सज्ज. आणि वर, धान्य ओतायच्या पेटीत, थिरथिरा पक्ष्याची चार पिल्लं चोची वासून बसलेली.

"अहो, आता क्रूझेंना काय सांगणार?" हरीशच्या बायकोने, शोभनाने, विचारलं. म्हातारे क्रूझे म्हणजे गावचे शेवटचे गिरणीवाले. हरीशला ते कायम 'मोटारवाला इंजिनियर' म्हणायचे.

खाली येऊन हरीशने पाती हाताने जराशी तिरकी ढकलली आणि ब्रेक पक्का आवळला. गिरणीवाल्याच्या घरी मूल जन्मलं की पाती अशी तिरकी थांबवायची, हा तिथला जुना रिवाज क्रूझेंनीच त्याला सांगितला होता.

क्रूझेंनी पात्यांकडे पाहिलं, मग हरीशकडे.

"किती?"

"चार. वर पेटीत आहेत. आज चक्की फिरणार नाही."

क्रूझेंनी डोक्यावरची टोपी काढली आणि बँडवाल्यांकडे वळून गरजले, "वाजवा! आमच्या गिरणीवाल्याच्या घरी चार मुलं झालीत!"